तंजावरचा हिवाळा आणि दोन पंचांगे

परमुलखात राहणाऱ्या माणसाला सुटी मिळते ती तिथल्या सरकारी दिनदर्शिकेप्रमाणे, आणि सण आठवतो तो घरच्या पंचांगाप्रमाणे. दोन्हींचे जमले तर सण थाटात होतो. न जमले तर कामावरून परत आल्यावर, दिवेलागणीला, चार माणसांत उरकावा लागतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हे नेहमीचे आहे. दिवाळी मंगळवारी आली तर फराळाचे बोलावणे शनिवारी. नाताळ ते नववर्ष अशी सलग सुटी हातात असते, पण त्या आठवड्यात आपला म्हणावा असा सण बहुधा नसतो. संक्रांत येते तोवर सगळे पुन्हा कामाला जुंपलेले असतात.

या टिपणात आपण हाच प्रश्न जरा जुन्या आणि जवळच्या उदाहरणावर सोडवून पाहणार आहोत. तमिळनाडूतल्या तंजावरात मराठी माणसे जवळजवळ साडेतीनशे वर्षे हिवाळा काढत आली आहेत. त्यांच्या कोणत्या हिवाळी सणांना गावाची साथ मिळाली आणि कोणते घराच्या उंबऱ्याच्या आत राहिले, हे पाहिले तर त्यामागे श्रद्धेइतकेच कालगणनेचे गणितही आहे असे दिसते. गणित शाळेच्या पातळीचे आहे. त्रिकोणमितीचे एक सूत्र आणि थोडी वजाबाकी आली की पुरे.

मराठी माणसे तंजावरात कशी?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत उतरले आणि 1675–76 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागून सैनिक, कारकून, पुराणिक, कीर्तनकार अशी माणसे आली आणि कावेरीकाठी राहिली. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी भर झाली. 1803 साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. एवढा लांब मराठी शिलालेख महाराष्ट्रातही सहज सापडणार नाही. 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने 1855 हे वर्ष महत्त्वाचे आहे. तोवर दरबार मराठी होता, म्हणजे दरबाराचे पंचांगही मराठी होते. त्यानंतर तंजावरचा मराठी माणूस खऱ्या अर्थाने परमुलखातला रहिवासी झाला: घरात मराठी, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. आजही या घरांतून बोलली जाणारी दक्षिणी मराठी पुण्याच्या कानाला थोडी निराळी लागते, आणि ती लिहायची झाली तर पुष्कळ जण तमिळ लिपीत लिहितात.

थंडी नसलेला हिवाळा

महाराष्ट्रातून तंजावरला शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या डिसेंबरात स्वेटर घेऊन येतो आणि तो तसाच परत नेतो. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. डिसेंबरात थंडीपेक्षा चिखल जास्त. जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण वीस-एकवीस अंशांच्या खाली फारसे जात नाही. तमिळ परंपरेत मार्गळी आणि तै या दोन महिन्यांच्या ऋतूला ‘मुन्पनि’ म्हणतात. पनि म्हणजे दव. थंडीच्या नावाने नाही, दवाच्या नावाने ओळखला जाणारा ऋतू, ही गोष्ट लक्षात ठेवा.

दिवस किती लहान होतो तेही काढून पाहू. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंतचा कोन ह धरला, तर

कॉस ह = − टॅन (अक्षांश) × टॅन (सूर्याची क्रांती)

22 डिसेंबरच्या आसपास सूर्याची क्रांती −23.4 अंश असते. तंजावरचा अक्षांश 10.8 अंश. टॅन 10.8 = 0.191 आणि टॅन 23.4 = 0.433, गुणाकार 0.083. म्हणून ह = 85.3 अंश. त्याची दुप्पट करून 15 ने भागले की 11.37 तास, म्हणजे 11 तास 22 मिनिटे मिळतात. वातावरणातले अपवर्तन आणि सूर्यबिंबाचा आकार यांमुळे त्यात सात-आठ मिनिटे वाढतात, म्हणून दिनमान साधारण साडेअकरा तास. पुण्यासाठी अक्षांश 18.5 घेऊन हेच केले तर सुमारे 11 तास येतात, आणि लंडनसाठी 51.5 घेऊन पावणेआठ तासांच्या थोडे वर.

म्हणजे लंडनमधल्या मराठी माणसाला हिवाळा अंगावर येतो. तंजावरातल्याला तो पंचांगात शोधावा लागतो. तिळगूळ, बाजरी, काळी साडी या सगळ्या दख्खनच्या थंडीच्या खुणा आहेत. थंडीच नसेल तर त्या कशाच्या आधाराने टिकायच्या? उरतो तो फक्त दिवस, तिथी. आणि तिथे दोन पंचांगे समोरासमोर येतात.

सूर्याचा महिना, चंद्राचा महिना

महाराष्ट्रात शालिवाहन शकाचे चांद्र महिने चालतात: अमावास्या संपली की नवा महिना. असा महिना सरासरी 29.53 दिवसांचा, आणि बारा महिने मिळून 354.37 दिवस. तमिळ पंचांग सौर आहे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की महिना बदलतो. संक्रमण सूर्यास्ताआधी झाले तर तोच दिवस महिन्याचा पहिला, नाहीतर दुसरा दिवस. हे सौर वर्ष 365.256 दिवसांचे.

दोहोंतला फरक 10.9 दिवस. म्हणजे आपली तिथी तमिळ दिनांकाच्या मानाने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. तीन वर्षांत महिनाभराची तूट साठते, तेव्हा ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत येत नाही तो अधिक मास धरून ती भरून काढतात. घड्याळ थोडे थोडे मागे पडत जावे आणि अधूनमधून एकदम पुढे करावे, तसे.

एक गंमत. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून तेव्हा तिचा वेग सर्वाधिक असतो आणि सूर्य एक रास लवकर ओलांडतो. धनु राशीचा सौर महिना, म्हणजेच तमिळ मार्गळी, साडेएकोणतीस दिवसांहूनही थोडा कमी भरतो, चांद्र महिन्यापेक्षाही लहान. म्हणून हिवाळ्यात अधिक मास येत नाही म्हटले तरी चालेल; उलट क्वचित एका चांद्र महिन्यात दोन संक्रांती बसतात आणि क्षयमास होतो. 1963–64 आणि 1982–83 ही अलीकडची उदाहरणे. केप्लरचा दुसरा नियम तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलात. आपल्या आजीच्या पंचांगात तो असा येऊन बसलेला आहे.

मार्गशीर्ष आणि मार्गळी

नावे सारखी वाटतात, मूळही एकच, पण महिने वेगळे. मार्गळी दरवर्षी 16 किंवा 17 डिसेंबरला लागतो आणि 13–14 जानेवारीला संपतो. मार्गशीर्ष मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यात केव्हाही सुरू होतो. ज्या वर्षी अधिक मास होऊन गेलेला असतो त्या वर्षी तो उशिरा येतो आणि मार्गळीवर बराचसा बसतो. नंतरच्या दोन वर्षांत तो निसटत जातो.

आकडेच पाहू. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी दत्तजयंती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, 26 डिसेंबरला होती. तमिळ शिवमंदिरांतले तिरुवादिरै, म्हणजे मार्गळीतल्या आर्द्रा नक्षत्राचे नटराजदर्शन, 27 डिसेंबरला. मोक्षदा एकादशी 22–23 डिसेंबरला आणि श्रीरंगमची वैकुंठ एकादशी 23 डिसेंबरला. जवळपास सगळे एकत्र. तंजावरातल्या मराठी घरात दत्ताचा पाळणा हलत असता गावातल्या शिवालयात नटराजाच्या उत्सवाची गडबड चालू होती, आणि शाळा-महाविद्यालयांना नाताळची सुटी होती.

पुढच्या वर्षी काय झाले? दत्तजयंती 14 डिसेंबर 2024 ला आली. मार्गळी अजून लागलाच नव्हता. तिरुवादिरै गेले थेट 13 जानेवारी 2025 वर. मोक्षदा एकादशी 11 डिसेंबरला झाली, आणि वैकुंठ एकादशी 10 जानेवारीला. ती महाराष्ट्राच्या पंचांगात पौषातली पुत्रदा एकादशी ठरते. घरातला सण आणि गावातला उत्सव यांच्यात महिन्याचे अंतर पडले. 2025 ची दत्तजयंती 4 डिसेंबरला, म्हणजे सत्रपरीक्षांच्या ऐन दिवसांत.

यातून निघणारी एक मजेदार गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी आधी विश्वास ठेवत नाहीत. 2024 या इंग्रजी वर्षात वैकुंठ एकादशी आलीच नाही, आणि 2025 मध्ये ती दोनदा आली, 10 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. सणाने नियम मोडलेला नाही. आपण त्याला चुकीच्या चौकटीतून पाहतो आहोत, इतकेच.

चंपाषष्ठीची गोष्ट आणखी अवघड. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाचे सहा दिवसांचे नवरात्र उठते, वांग्याचे भरीत-रोडगा होतो, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुन्हा ताटात येते. तमिळ मुलखातही सहा दिवसांचे षष्ठीव्रत मोठे आहे, स्कंदषष्ठीचे, पण ते कार्तिक शुद्ध षष्ठीला, बरोबर एक चांद्र महिना आधी. 2024 मध्ये स्कंदषष्ठी 7 नोव्हेंबरला आणि चंपाषष्ठी 7 डिसेंबरला होती. दोन्ही चांद्रतिथीवर चालत असल्याने हे अंतर कधीच मिटत नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या दिवशी तंजावरच्या रस्त्यावर कसलीच गडबड नसते. ज्या सणाला गावात जोडीदार नाही तो सण एकट्या घराला उचलावा लागतो, आणि एकट्या घराची ताकद माणसांच्या संख्येइतकीच असते.

गावाकडचे वडीलधारे फोनवर म्हणतात, ‘‘तिकडे जाऊन सगळं विसरलात.’’ बाहेर राहणाऱ्या प्रत्येक पोराने हे ऐकलेले असते. माझे मत असे की यातला निम्मा दोष तरी विसरण्याचा नाही, जुळणीचा आहे. महाराष्ट्रात चंपाषष्ठी आठवावी लागत नाही. भाजीवाला, शेजारीण, देवळातला ढोल, कोणीतरी आठवण करून देतेच. तंजावरात आठवण करून देणारे कोणी नसते.

धुंधुरमास: एकाच पहाटे दोन खिचड्या

आता उलट बाजू. मराठी परंपरा सगळीच चांद्र नाही. तिच्यात थोड्या सौर गोष्टी आहेत आणि त्यातल्या दोन नेमक्या हिवाळ्यात येतात. पहिली धुंधुरमास.

धुंधुरमास म्हणजे धनुर्मास, सूर्य धनु राशीत असतानाचा महिना. म्हणजेच मार्गळी, दिवसाला दिवस. या महिन्यात निदान एकदा तरी सूर्योदयाच्या आत स्वयंपाक करून नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता जेवायचे, अशी आपल्याकडे रीत. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भरीत, लेकुरवाळी भाजी. शहरांत ही रीत आता विरळ झाली आहे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी ती फक्त ऐकलेली आहे.

तंजावरात मार्गळीच्या पहाटे काय होते? अंधारात दारापुढे सडा पडतो, मोठाले कोलम घातले जातात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोचतात. देवळांतून आंडाळचे तिरुप्पावै आणि माणिक्कवाचकरांचे तिरुवेम्पावै म्हटले जाते. आणि प्रसाद म्हणून केळीच्या पानावर गरम वेण्पोंगल मिळते: तांदूळ, मुगाची डाळ, मिरे, जिरे, तूप. ही खिचडीच की! तोच महिना, तीच वेळ, तेच दोन धान्यघटक. सूर्य धनु राशीत असता पहाटे मुगाची खिचडी देवापुढे ठेवायची, ही गोष्ट कृष्णाकाठ आणि कावेरीकाठ दोन्हींना माहीत आहे. कोणी कोणाकडून घेतली या वादात मी पडत नाही. दोन्हीकडचे पंचांगकर्ते एकाच सूर्याकडे पाहत होते हे कारण पुरेसे आहे.

परिणाम असा की पुण्याच्या सदनिकेत पहाटे पाचला उठून खिचडी करणारी बाई इमारतीत एकटी असते, तंजावरात मात्र अख्खी गल्ली जागी असते. एक मराठी रीत महाराष्ट्रापेक्षा परमुलखात सोपी झाली, कारण तिचे घड्याळ यजमानाच्या घड्याळाशी जुळले.

भोगी, संक्रांत, पोंगल

दुसरी सौर गोष्ट अर्थातच मकरसंक्रांत. इथे जुळणी इतकी पक्की आहे की नावेसुद्धा एक होतात. संक्रांतीच्या आदला दिवस आपली भोगी. मार्गळीचा शेवटचा दिवस तमिळांचीही भोगी. आपण त्या दिवशी वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा एकत्र शिजवून भोगीची भाजी करतो. ते पहाटे घरातले जुनेपुराणे पेटवून देतात, आणि पोंगलच्या दिवसांत अनेक भाज्यांचे एकत्र कालवण करतात, ज्यात पावट्याला मान असतो. दुसऱ्या दिवशी इकडे संक्रांत, तिकडे तै पोंगल: नव्या तांदळाचा गुळभात, हळदीचे ओले रोप बांधलेले मडके, दाराशी ऊस. तिसऱ्या दिवशी आपली किंक्रांत, त्यांचा माट्टु पोंगल, म्हणजे गुराढोरांचा सण. आपल्या बैलपोळ्याची आठवण व्हावी असा. तंजावरच्या मोठ्या देवळातल्या महानंदीला या सणात भाज्या, फळे आणि मिठायांनी असे मढवतात की दगड दिसेनासा होतो. चौथा दिवस काणुम पोंगल, भेटीगाठींचा.

या सगळ्याच्या मागे कावेरी खोऱ्यातले सांबा भाताचे पीक आहे. पाऊस संपला की जानेवारीत कापणी सुरू होते. तीळगुळाची उब इथे लागत नाही, पण नवे धान्य घरात आल्याचा आनंद दोन्हीकडे सारखा. काळ्या साडीचे मात्र जमत नाही. सणाला काळे नेसलेली सून पाहून तमिळ शेजारीण दचकते, आणि ‘‘काळा रंग ऊब धरतो’’ हे आपले नेहमीचे स्पष्टीकरण वीस अंशांच्या किमान तापमानात फारसे पटणारे नाही. खरे तर काळे कापड उन्हात असतानाच जास्त उष्णता शोषते. घरात बसून हळदीकुंकू करताना त्याचा उपयोग रंगापुरताच.

आता सरकारी दिनदर्शिका काढा. तमिळनाडूत पोंगल, तिरुवळ्ळुवर दिन आणि उळवर तिरुनाळ, म्हणजे शेतकऱ्यांचा दिवस, अशा लागोपाठ तीन सुट्या असतात. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्यांच्या यादीत मकरसंक्रांत नाही! पुण्यातला नोकरदार संक्रांतीला कामावर जातो आणि तंजावरातला मराठी माणूस पाय पसरून तिळाच्या वड्या थापतो. परमुलखातला सण मायदेशापेक्षा मोठा होण्याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही.

संक्रांतीची तारीखही कायम नाही, हे जाता जाता सांगतो. पंचांगाचे वर्ष नक्षत्रांच्या मानाने 365.2564 दिवसांचे आणि इंग्रजी दिनदर्शिकेचे 365.2425 दिवसांचे. फरक 0.0139. एक भागिले 0.0139 म्हणजे 72. दर बहात्तर वर्षांनी संक्रांत सरासरी एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 1863 च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी. त्यामुळे ‘सूर्य आजपासून उत्तरेकडे वळतो’ हे वाक्यही आता बरोबर राहिलेले नाही. तो 21–22 डिसेंबरलाच वळलेला असतो. संक्रांत आणि हे वळण यांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे.

पण संक्रांतीचा उत्सव एका दिवसाचा नाही. हळदीकुंकू, वाण, बोरन्हाण हे रथसप्तमीपर्यंत चालते. आणि इथे एक टोक सौर, दुसरे चांद्र! संक्रांत 14–15 जानेवारीला खिळलेली, रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी सरकती. 2024 मध्ये ती 16 फेब्रुवारीला होती. बायकांना हळदीकुंकवासाठी बत्तीस दिवस मिळाले. 2025 मध्ये 4 फेब्रुवारी, म्हणजे एकवीस दिवस. 2026 मध्ये 25 जानेवारी, जेमतेम अकरा. परमुलखात, जिथे सगळी मराठी घरे एकमेकींपासून बसच्या अंतरावर आहेत आणि भेटीचा दिवस म्हणजे रविवार, तिथे बत्तीस दिवसांत चार-पाच रविवार मिळतात आणि अकरा दिवसांत दोन. ‘‘यंदा कोणी बोलावलंच नाही’’ असे कोणी म्हणाले, तर आधी रथसप्तमीची तारीख पाहावी.

तंजावरातला आणखी एक परदेशी

तंजावरात राहून हिवाळ्यातले सण काढणारे मराठीच तेवढे नव्हते. ख्रिश्चन फ्रीड्रिश श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी 1750 मध्ये ट्रँकेबारला, म्हणजे आजच्या तरंगमबाडीला आला. ते बंदर डेन्मार्कच्या ताब्यात होते. पुढे तो तिरुचिरापल्ली आणि तंजावर येथे राहिला, बाल सरफोजींचा शिक्षक-पालक झाला, आणि युरोपात परत न जाता 1798 च्या फेब्रुवारीत तंजावरातच वारला. सरफोजीराजांनी त्याच्या स्मरणार्थ इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

त्याच्या पहिल्या हिवाळ्याचे गणित पाहा. डेन्मार्कने 1700 मध्ये नवी, ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती. इंग्लंडने ती 1752 मध्ये घेतली. तोवर दोहोंत अकरा दिवसांचा फरक होता. म्हणजे 1750 साली ट्रँकेबारच्या डॅनिश वसाहतीत 25 डिसेंबर उजाडला, त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला कडलूरच्या इंग्रज ठाण्यात 14 डिसेंबर होता. एकच धर्म, एकच समुद्र, आणि नाताळ अकरा दिवसांच्या अंतराने. पंचांगांचा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. पुढे श्वार्ट्झची दिनदर्शिका कचेरीची झाली आणि नाताळ सर्वांची सुटी झाला. यजमानाचे पंचांग आपल्याला मिळण्याऐवजी आपले पंचांग यजमानाला लावण्याची ताकद सत्तेकडे असते. 1855 पूर्वी ती थोडीफार मराठी दरबाराकडेही होती.

चांद्रतिथीही गावाची होते, केव्हा?

वर म्हटले की चांद्रतिथीचे मराठी सण तंजावरात घरात राहतात. याला एक ठळक अपवाद आहे, पण तो मराठी नाही. तंजावरहून जवळच, कावेरीकाठी तिरुवैयारू आहे. संत त्यागराज तिथे 6 जानेवारी 1847 ला समाधिस्थ झाले. त्यांची मातृभाषा तेलुगू, आणि तेलुगू पंचांग आपल्यासारखेच चांद्र. म्हणून त्यांची आराधना पौष वद्य पंचमीला होते: 2024 मध्ये 30 जानेवारी, 2025 मध्ये 18 जानेवारी, 2026 मध्ये 7 जानेवारी. तारीख दरवर्षी सरकते आणि तरी शेकडो गायक-वादक तिथे बसून पंचरत्न कृती एका आवाजात गातात. सौर पंचांगाच्या मुलखात, तेलुगू भाषेतल्या रचना, चांद्रतिथीला. आणि गाव ती तिथी लक्षात ठेवते.

म्हणजे जुळणी नसली तरी सण मोठा होऊ शकतो. पण त्यासाठी यजमानाला हवीशी वाटणारी काहीतरी वस्तू लागते. त्यागराजांच्या बाबतीत ती संगीत होती. मराठीनेही अशी वस्तू तंजावरला दिली आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांची पद्धत तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (1847–1903) उचलली आणि तिच्यातून तमिळ हरिकथा आकाराला आली; साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तिच्यात आजही आहेत. दाक्षिणात्य भजनपद्धतीत तुकोबा-नामदेवांचे अभंग ठरलेल्या जागी येतात. मार्गळीत तंजावरकडच्या आणि चेन्नईच्या भजनांमधून तमिळ उच्चारांत विठ्ठलाचे अभंग ऐकू येतात, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी बोलता येत नाही. चंपाषष्ठी घरात राहिली. अभंगाने यजमानाचा महिना धरला आणि तो मंडपात जाऊन बसला.

समुद्रापलीकडे पाहायचे तर मॉरिशस घ्या. तिथला मराठी समाज एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांचा. तिथे गणेशचतुर्थी सार्वजनिक सुटी आहे आणि तमिळांचे तै पूसमही. पण दक्षिण गोलार्धात असल्यामुळे संक्रांत भर उन्हाळ्यात येते. वरच्या सूत्रात अक्षांश −20 घालून डिसेंबरातले दिनमान काढा. ते तेरा तासांच्या वर जाईल. तंजावरात हिवाळ्याची फक्त थंडी गेली होती, मॉरिशसमध्ये हिवाळाच गेला. तरी पंचांगात पौष पौषच राहतो.

करून पाहण्यासाठी

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. मागच्या अधिक मासानंतर, 2023 च्या डिसेंबरात, काय झाले ते आपण वर पाहिले. 2025 च्या दत्तजयंतीच्या तारखेत अकरा दिवस वजा करा, मग अधिक महिन्याचे साडेएकोणतीस मिळवा. मिळालेली तारीख मार्गळीत पडते का पाहा आणि पंचांगाशी ताडून घ्या. मग आपण ज्या गावी शिकता तिथल्या राज्याच्या सुट्यांची यादी घ्या, आपल्या घरचे मार्गशीर्ष ते माघ या काळातले सण तिच्याशेजारी लिहा, आणि ज्या सणाला त्या गावात कोणीच जोडीदार नाही त्याच्यापुढे खूण करा. त्या दिवशी घरी फोन कोण करणार, ते आजच ठरवता येईल.